नसलेल्या सभासदाचा हप्ता: तासिका तत्त्वावर उभ्या राहिलेल्या एका विषयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयाच्या संगणकशास्त्र विभागातलं, २०२४ च्या जुलै ते ऑक्टोबर या सत्रातलं. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. विभागाचा समन्वयक मीच होतो, तेव्हा पुढे जे निर्णय चुकलेले दिसतील त्यातले बरेचसे माझ्या नावावर धरावेत.

राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून लागू झालं. आमची पहिली तुकडी पुढच्या वर्षी तिसऱ्या सत्रात आली आणि तिच्यासाठी व्यावसायिक कौशल्याचा दोन क्रेडिटचा विषय उभा करायचा होता, तोही पूर्ण प्रात्यक्षिकाचा. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटचे ६०. मुलं ५८. लॅबमध्ये मशीन २०. तीन बॅचेस केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणजे आठवड्याला १२ तास शिकवणारं माणूस हवं. विषय ठरला डेटाबेस.

आमचा अभ्यासक्रम विनाअनुदानित. पूर्णवेळ आम्ही तिघं, आणि तिघांचाही वर्कलोड आधीच भरलेला. एका सहकाऱ्याच्या ओळखीतून ऐरोलीतल्या एका कंपनीत १४ वर्षं डेटाबेसचंच काम करणाऱ्या एक बाई यायला तयार झाल्या. मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ‘ऐरोली मॅडम’ ठेवलं, मीही इथे तेच वापरतो. शनिवारी त्यांना सुट्टी असायची. ट्रान्स-हार्बरची लोकल धरून ठाण्याला उतरायचं, शेअर रिक्षानं आठच्या आत कॉलेज गाठायचं, असा त्यांचा हिशेब.

त्यांची पदवी बी. ई.; नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा दिलेल्या नाहीत, त्यामुळे नियमित सहाय्यक प्राध्यापक होण्याचा प्रश्नच नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतलं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद अशाच माणसांसाठी आहे, पण तिथे किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. एका वर्षानं हुकलं. उरलं तासिका तत्त्व.

अडचण नेमकी कुठे होती

माणूस मिळाला की विषय उभा राहतो, असं मी धरून चाललो होतो. पण तासिका तत्त्वावर पैसे मिळतात ते वर्गात उभं राहिल्याच्या तासाचे. अभ्यासक्रमाचा मसुदा, प्रात्यक्षिकांच्या स्लिपा, मॅन्युअल, जर्नल तपासणी, प्रश्नसंच यांच्यासाठी बिलाच्या फॉर्मवर रकानाच नाही. विषय नवा असतो तेव्हा निम्मं काम तिथेच असतं.

एप्रिलमध्ये मी मॅडमना फोन करून म्हटलं, “सिलॅबसचा एक ड्राफ्ट पाठवाल का? घाई नाही, रविवारपर्यंत चालेल.” त्यांनी पाठवला, चांगला पाठवला. तेव्हा त्यांच्या हातात ऑर्डर नव्हती, दरही ठरलेला नव्हता. ऑर्डर मिळाली ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सत्र सुरू होऊन महिना झाल्यावर.

त्या मसुद्याचं पुढे जे झालं त्याचा परिणाम थेट परीक्षेपर्यंत गेला. अभ्यास मंडळाच्या बैठकीला मॅडम नव्हत्या, कारण त्या सदस्य नव्हत्या. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, “यात ग्रँट-रिव्होक नाही? स्टोअर्ड प्रोसिजर नाही?” पहिलं म्हणजे वापरकर्त्याला परवानगी देणं-काढणं, दुसरं म्हणजे डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेला प्रोग्राम. जुन्या अभ्यासक्रमात होतं, म्हणून आम्ही दोन्ही घालून टाकलं. पाच मिनिटांत मंजूर. मॅडमनी ते का वगळलं होतं, हे विचारावंसं मलाही वाटलं नाही.

वगळण्याचं कारण लॅबमध्ये होतं. आमच्या मशीनवर काहीही बसवायचं तर ॲडमिनचा पासवर्ड देखभालीचं कंत्राट घेतलेल्या माणसाकडे, आणि तो मंगळवारी येणार. मॅडमनी पहिल्या भेटीत लॅब असिस्टंट काकांशी अर्धा तास बोलून हे सगळं काढून घेतलं होतं. म्हणून त्यांनी एसक्यूलाइट निवडलं: सर्व्हर नाही, इन्स्टॉल नाही, पेन ड्राइव्हवरून एक छोटी फाइल डेस्कटॉपवर टाकली की काम सुरू. अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये, मुलं घरी नेऊ शकतात. अँड्रॉइड फोनमध्येही हेच डेटाबेस इंजिन असतं, त्यामुळे “खऱ्या कामात कोण वापरतं हे?” असं विचारणाऱ्याच्या हातातला मोबाइल दाखवून मॅडम मोकळ्या होत. पण एसक्यूलाइटमध्ये वापरकर्ता ही कल्पनाच नाही. परवानगी द्यायची कोणाला आणि काढून घ्यायची कोणाकडून? ग्रँट-रिव्होक तिथे अस्तित्वातच नाही. स्टोअर्ड प्रोसिजरही नाही. म्हणजे मंजूर अभ्यासक्रमातल्या दोन गोष्टी निवडलेल्या साधनावर होणं शक्यच नव्हतं, आणि हे आमच्या लक्षात आलं तेव्हा जुलै उजाडला होता.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे विषय आमच्यापैकीच एकानं वाढीव वर्कलोडमध्ये ओढायचा, जुनी जर्नल पुढे करायची. बऱ्याच ठिकाणी हेच होतं; मी नाकं मुरडणार नाही, कारण आधीची दोन वर्षं दुसऱ्या विषयात आम्हीही हेच केलं होतं.

स्वयम्‌वरचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेऊन क्रेडिट द्यावेत, असंही एकानं सुचवलं. स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ. नियमानं सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तसे घेता येतात. पण हा विषय हात चालवायचा. आसनगाव-शहापूरहून येणाऱ्या आमच्या मुलांपैकी अनेकांकडे लॅपटॉप नव्हता, मोबाइलवर व्हिडिओ बघून डेटाबेस येत नाही. तो प्रस्ताव चहा संपायच्या आत बारगळला.

मॅडमचं स्वतःचं मत वेगळं होतं आणि आज मला ते पटतं. त्या म्हणाल्या, “मला तिन्ही बॅचेस द्या, पण सलग. ऑफिसातून दहा दिवस रजा काढते, सत्राच्या सुरुवातीला निम्मा विषय संपवू.” वेळापत्रक समितीला ते मानवलं नाही. दहा दिवस बाकीचे सगळे विषय हलवायचे म्हणजे पाच शिक्षकांची नाराजी. मी त्यांच्या बाजूनं फारसा भांडलो नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. शनिवारी सकाळी ८ ते १२ पहिली बॅच, साडेबारा ते साडेचार दुसरी, दोन्ही मॅडमकडे. तिसरी बॅच आमच्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या एका तरुण सरांकडे. हे सर एम. एस्सी., सेट पास. सकाळी कळव्यात, दुपारी आमच्याकडे, संध्याकाळी खासगी क्लासमध्ये. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, “सर, मॅडम वापरतायत तेच मी वापरू की माझं मायएसक्यूएल चालेल? ग्रँट-रिव्होक पण होऊन जाईल.”

मायएसक्यूएल म्हणजे सर्व्हर बसवून चालवायचा डेटाबेस. मी म्हटलं, “तुमच्या सोयीनं घ्या.”

प्रत्यक्षात काय घडलं

मॅडमनी पाठ्यपुस्तकातलं कर्मचारी-विभागाचं नेहमीचं उदाहरण घेतलं नाही. त्यांनी भिशी घेतली. बारा सभासद, महिना ५०० रुपये, दर महिन्याला एक जण ६,००० ची भिशी उचलणार. सभासदांचा एक तक्ता, हप्त्यांचा एक, कोणी कधी उचलली याचा एक. एका मुलानं दुसऱ्या आठवड्यात आईची भिशीची वहीच आणली, लाल पुठ्ठ्याची, मागच्या पानांवर दुधाचा हिशेब असलेली. पुढचे तीन शनिवार वर्ग त्या वहीवर चालला.

त्यातला एक प्रसंग मी मागच्या बाकावर बसून पाहिला. मुलांनी वहीतली एका महिन्याची पानं नोटपॅडमध्ये टंकून, फाइल डेटाबेसमध्ये ओढली आणि बेरीज मागितली. यायला हवे होते ६,०००, आले ५,५००. बारा ओळी मोजल्या तर बारा होत्या. एक हप्ता कुठे गेला? वीस मिनिटं मुलं आईच्या वहीवरच संशय घेत होती. मॅडम काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी प्रत्येक ओळीतल्या रकमेचा प्रकार विचारायला लावला. अकरा ओळींत पूर्णांक, एका ओळीत मजकूर. एका मुलीनं मोबाइलवर टंकून पाठवलेली ओळ होती ती, मराठी कीबोर्डवरची, म्हणून ५०० देवनागरी अंकांत पडले होते, आणि लॅबच्या काळ्या पडद्यावर तिथे नुसत्या चौकटी दिसत होत्या. एसक्यूलाइट पूर्णांकाच्या रकान्यातही मजकूर मुकाट्यानं ठेवून घेतं आणि बेरीज करताना त्याला शून्य धरतं. “डेटाबेस भोळा आहे, तुम्ही भोळे राहू नका,” असं काहीसं त्या म्हणाल्या. रकाना काटेकोर करायची सोयही त्याच तासात दाखवली. पूर्णवेळ शिकवणाऱ्या आम्हा तिघांपैकी कोणी असा तास घेतला असता असं मला वाटत नाही.

तिकडे तिसऱ्या बॅचमध्ये सर मायएसक्यूएलवर नियमानं चालले होते. पहिले दोन आठवडे पासवर्डवाल्या मंगळवारची वाट बघण्यात आणि ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ या संदेशाशी झटण्यात गेले. त्यानंतर गाडी रुळावर आली. मंजूर अभ्यासक्रमातलं सगळं त्यांनी पूर्ण केलं, ग्रँट-रिव्होकसकट. दोन्ही शिक्षक सत्रभरात एकमेकांना एकदाही भेटले नाहीत. एक शनिवारी यायच्या, दुसरे शनिवारी यायचे नाहीत.

शनिवारांचं गणित मात्र माझं चुकलं. वर्ग सुरू झाले १३ जुलैला. ७ सप्टेंबरच्या शनिवारी गणेश चतुर्थी, १२ ऑक्टोबरच्या शनिवारी दसरा. नोव्हेंबरात विधानसभा निवडणूक येणार आणि अर्धा स्टाफ त्या कामात अडकणार, हे दिसत होतं, म्हणून परीक्षा आधी उरकायच्या ठरल्या. हातात उरले १२ शनिवार. चार तासांप्रमाणे ४८ तास झाले, हवे होते ६०. भिंतीवरचं कालनिर्णय जूनमध्ये उघडलं असतं तरी हे कळलं असतं.

उरलेले १२ तास मॅडमनी बुधवारी रात्री ऑनलाइन घेतले, दोन्ही बॅचेस एकत्र. बिल ऑफिसात गेलं आणि हेडक्लार्कनी परत पाठवलं: मस्टरवर सही नाही, बायोमेट्रिकवर नोंद नाही, तर तास झाला कशावरून? रेकॉर्डिंग दाखवलं. “रेकॉर्डिंग ऑडिटला चालत नाही.” शेवटी प्राचार्यांची सही घेऊन ते पैसे निघाले, पण जानेवारीत. त्याआधी आणखी एक झटापट झालीच होती. ऑफिस प्रात्यक्षिकाचा तास लेक्चरच्या निम्म्या दरानं धरणार होतं. पूर्ण दर मिळवायला मला दोन टिपणं लिहावी लागली.

परीक्षेचा दिवस

प्रश्नपत्रिका तिन्ही बॅचेसना एकच होती. ती मी काढली, मॅडमच्या मॅन्युअलवरून. तिसरा प्रश्न पाच गुणांचा: अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावावर हप्ता भरून पाहा आणि डेटाबेस तो नाकारतो हे दाखवा.

पहिल्या बॅचचे १९ जण हजर. बाहेरून आलेले परीक्षक सर पहिल्या रांगेतल्या मुलाच्या मागे उभे राहिले. मुलानं ९९ क्रमांकाच्या सभासदाचा हप्ता टाकला. बारा जणांच्या भिशीत ९९ क्रमांक नव्हताच. एंटर दाबलं. नाकारलं गेलं नाही. हप्ता गेला.

“अरे, फॉरेन की लावलीयस ना? मग हा घुसला कुठून?”

फॉरेन की म्हणजे एका तक्त्यातला क्रमांक दुसऱ्या तक्त्यात असलाच पाहिजे, ही अट. मुलगा घामाघूम. शेजारच्या मुलीनं करून पाहिलं, तिचाही गेला. १९ पैकी १६ जणांच्या भिशीत नसलेल्या सभासदानं हप्ता भरला.

कारण साधं होतं. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी २००९ मध्ये आली, आणि आधीचे डेटाबेस मोडू नयेत म्हणून ती आपोआप चालू ठेवलेली नाही. दर वेळी डेटाबेसशी नवी जोडणी उघडली की प्रॅग्माची, म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंग बदलणारी, एक ओळ लिहून ती चालू करावी लागते. मॅडमच्या मॅन्युअलमध्ये ती ओळ सहाव्या प्रात्यक्षिकाच्या डोक्यावर होती. सातव्यापासून चौदाव्यापर्यंत नव्हती. मुलांना ती ओळ सहाव्या प्रात्यक्षिकाची वाटली होती. जोडणी उघडताच दर वेळी लिहायची, हे त्यांच्या हातात बसलं नव्हतं. तिसऱ्या बॅचच्या मायएसक्यूएलमध्ये ही तपासणी मुळातच चालू असते, त्यामुळे त्यांचे पाच गुण विनासायास येणार होते.

परीक्षक सर माझ्याकडे बघत होते. पर्याय दोनच सुचले: प्रश्न रद्द करायचा किंवा १६ जणांना शून्य द्यायचं. तिसरा त्यांनीच काढला. प्रत्येकाला तोंडी विचारू, हप्ता का गेला. जो कारण सांगेल त्याला पूर्ण गुण, जो शोधायचा रस्ता तरी सांगेल त्याला तीन. चौघांनी कारण बरोबर सांगितलं. भिशीच्या वहीवाला त्यात होता. तो म्हणाला, “सर, मॅडमनी देवनागरी पाचशेच्या वेळी सांगितलं होतं, हा सगळं घेतो, म्हणून आधी विचारायचं की तपासणी चालू आहे का.”

तो निर्णय त्या क्षणी मला शहाणपणाचा वाटला. दुपारच्या बॅचपर्यंत त्याची हवा निघाली. कँटीन आणि व्हॉट्सॲप यांच्यामध्ये अर्धा तास पुरेसा असतो. दुसऱ्या बॅचमधल्या प्रत्येकानं आल्या आल्या पहिली ओळ प्रॅग्माची टंकली. म्हणजे सकाळच्या मुलांना जो प्रश्न खरंच अवघड गेला, तो दुपारच्यांना फुकट मिळाला. कोणी तक्रार केली नाही. सकाळच्या बॅचला मी काही भरपाई दिली नाही, हेही लिहून ठेवतो.

हिशेब

मॅडमनी स्वतःच्या वहीत तास लिहून ठेवले होते. मी मागितल्यावर दाखवले. शनिवारचे ९६ आणि ऑनलाइन १२, असे १०८ तास बिलात. दर ६०० रुपये. ६४,८०० झाले, १० टक्के टीडीएस कापून हातात ५८,३२०. बिलात न आलेले: अभ्यासक्रमाचा मसुदा १८ तास, मॅन्युअल आणि स्लिपा ४६, जर्नल व चाचण्या तपासणं ३३. एकूण ९७. प्रवास त्यांनी धरलाच नव्हता. सगळे तास धरून दर पडतो ३१६ रुपये. अनुदान आयोगानं अतिथी प्राध्यापकांसाठी २०१९ मध्ये तासाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० अशी शिफारस केली होती. विनाअनुदानित अभ्यासक्रमाचा दर व्यवस्थापन ठरवतं आणि तो आकडा आमच्या ऑफिसात कोणी गंभीरपणे घेत नाही.

पैशांपेक्षा त्यांना लागलं ते वेगळंच. डिसेंबरात त्या कॉलेजात आल्या तेव्हा गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांचं मॅन्युअल स्पायरल बांधून ६० रुपयांना विकलं जात होतं. मुखपृष्ठावर महाविद्यालयाचं बोधचिन्ह, विभागाचं नाव. त्यांचं नाव कुठेच नाही. मुखपृष्ठ आमच्याच ऑफिसनं करून दिलं होतं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, लेखकाचं नाव घालायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “निदान प्रॅग्माची ओळ तरी दुरुस्त करून छापायची होती.”

आता हाती घेतलं तर

अभ्यास मंडळावर उद्योगक्षेत्राचा एक प्रतिनिधी असावाच लागतो. आमच्याकडे ते नाव वर्षानुवर्षं कागदावर होतं, माणूस बैठकीला येत नसे. मॅडमना त्या जागी घेता आलं असतं. ते जमलं नसतं तरी निमंत्रित म्हणून तासाभरासाठी ऑनलाइन बोलावायला काहीच हरकत नव्हती. ग्रँट-रिव्होकचा घोळ तिथेच मिटला असता.

जिन्यातल्या त्या प्रश्नाला मी वेगळं उत्तर द्यायला हवं होतं. साधन कोणतं, याबद्दल माझं ठाम मत आजही नाही. एसक्यूलाइटनं मुलांना लवकर कामाला लावलं, मायएसक्यूएलनं अभ्यासक्रम पूर्ण केला. पण एक प्रश्नपत्रिका काढायची असेल तर दोन्ही शिक्षकांनी एकदा तरी एका टेबलाशी बसायला हवं, आणि त्या दोन तासांचे दोघांनाही पैसे द्यायला हवेत. तासिकेवरचा माणूस बैठकीला फुकट येईल हे आपण गृहीत धरतो आणि मग तो आला नाही की ‘त्यांना आपुलकी नाही’ म्हणतो.

दहा दिवस सलग शिकवण्याचा त्यांचा प्रस्ताव मी पुन्हा आला तर लढवेन. शनिवारी शिकवलेलं मूल पुढच्या शनिवारपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. पहिला तास उजळणीत जातो. १२ शनिवारांतले असे १२ तास, म्हणजे नेमके जेवढे कमी पडले तेवढेच.

२०२५-२६ साठी थोडं हललं. ‘अभ्यासक्रम विकसन’ या शीर्षाखाली विषयामागे २० तासांचं मानधन मंजूर झालं. ४० मागितले होते. तिसऱ्या बॅचच्या तरुण सरांनी दोन बॅचेस घेतल्या, मॅडमनी एक, आणि जूनच्या एका रविवारी दोघं ऐरोली स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बसून चौदा स्लिपा पुन्हा लिहून आले. नव्या आवृत्तीत प्रत्येक स्लिपेची पहिली ओळ प्रॅग्माची आहे, आणि दोघांची नावं आतल्या पानावर. मुखपृष्ठावर नाव घालायचं की नाही आणि मॅन्युअल नेमकं कोणाच्या मालकीचं, याचं टिपण मी सप्टेंबरात वर पाठवलं. ते अजून टेबलावरच आहे.